घर धाराशिवला, नोकरी पुण्याला: होमलोनचं काम दुसऱ्याकडे सोपवताना मुखत्यारपत्रात काय लिहायचं?

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा. या भागातल्या कुठल्याही गावात गेलात तर एक गोष्ट हमखास दिसते. घर बांधलंय मुलानं, पण मुलगा गावात नाही. कुणी चाकणला कंपनीत आहे, कुणी हिंजवडीत, कुणी हैदराबादला, कुणी लष्करात, तर कुणी आखाती देशात.

घरावर बँकेचं कर्ज आहे आणि हप्ताही वेळेवर जातोय. पण बँकेत काही काम निघालं की गावाकडं फोन जातो, "दादा, जरा ब्रँचला जाऊन ये की."

दादा जातो. तिथं विचारलं जातं, "कर्जदार कुठायत? तुमच्याकडं पॉवर ऑफ अॅटर्नी आहे का?"

मग कुणीतरी तयार मसुदा देतं, त्यावर सही होते, नोटरीचा शिक्का बसतो आणि विषय संपला असं वाटतं. खरं तर विषय तिथूनच सुरू होतो. कारण त्या चार पानांत तुम्ही नेमका कशाचा अधिकार देऊन टाकला, हे बऱ्याचदा सही करणाऱ्यालाही माहीत नसतं.

म्हणून हा विषय पहिल्यापासून बघूया.

काम देता येतं, कर्ज देता येत नाही

पॉवर ऑफ अॅटर्नी म्हणजे मुखत्यारपत्र. आपल्याकडं त्यासाठी १८८२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या जोडीला १८७२ च्या करार कायद्यातले एजन्सीचे नियम लागू होतात. अर्थ सोपा आहे. मुखत्यार तुमच्या वतीनं, तुमच्या नावानं काम करतो. त्यानं दिलेल्या अधिकारात राहून केलेली सही ही तुमचीच सही धरली जाते.

पण कर्ज तुमच्याच नावावर राहतं. हप्ता चुकला तर सिबिल स्कोअर तुमचा पडतो. नोटीस तुमच्या नावानं निघते. "पैसे मी भावाकडं दिले होते" हे कारण बँकेसमोर चालत नाही.

इथं तीन शब्दांची गल्लत होते. सहकर्जदार हा तुमच्याइतकाच कर्जाला बांधलेला असतो. जामीनदार तुम्ही फेडलं नाही तर अडकतो. मुखत्यार मात्र कर्जाला बांधलेला नसतो, तो फक्त तुमच्यासाठी काम करतो. त्यामुळं भाऊ मुखत्यार झाला म्हणून कर्ज अर्धं त्याच्यावर गेलं, असं होत नाही.

मुळात मुखत्यारपत्र लागतं का?

बऱ्याच कामांना लागत नाही.

हप्ता भरायला तर मुळीच नाही. तुमच्या पगाराच्या खात्यातून ऑटो डेबिटची सूचना दिली की झालं. कर्जाचं स्टेटमेंट, आयकरासाठी लागणारं व्याजाचं प्रमाणपत्र, उरलेली मुद्दल किती, ही माहिती बहुतेक बँकांच्या अॅपवर किंवा ईमेलवर मिळते.

गावाकडच्या खात्यात पैसे पाठवायचे आणि तिथून घरातल्या कुणीतरी हप्ता भरायचा, ही पद्धत अजून चालते. यात कुणाच्या मनात खोट असायलाच हवी असं नाही. घरात अचानक दवाखाना निघतो, पेरणीला पैसे लागतात, आणि हप्त्याचे पैसे "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून तिकडं वळतात. दूर बसलेल्याला ते कळत नाही. पैशाचा रस्ता तुमच्या खात्यातून थेट बँकेकडं असला, की हा प्रश्नच येत नाही.

मुखत्यार खरा लागतो तो प्रत्यक्ष हजर राहून करायच्या कामांना. खरेदीखताच्या वेळी दुय्यम निबंधक कार्यालयात जाणं. बांधकाम जसं पुढं जाईल तसे कर्जाचे टप्पे उचलणं. ७/१२, फेरफार, ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका काढणं. कर्जानंतर नोटीस ऑफ इंटिमेशन दाखल करणं. महाराष्ट्रात मूळ कागद ठेवून गहाण दिलं की ही नोटीस ३० दिवसांत दाखल करावी लागते. आणि शेवटी कर्ज फिटल्यावर कागद परत आणणं.

कर्जदार परदेशात असेल, तर बऱ्याच बँका स्वतःच इथला एखादा मुखत्यार नेमायला सांगतात.

कुलमुखत्यार की खास मुखत्यार?

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

कुलमुखत्यारपत्र म्हणजे सरसकट अधिकार. "माझ्या सर्व मिळकतींबाबत सर्व प्रकारचे व्यवहार करणे" अशी त्याची भाषा असते. खास मुखत्यारपत्र म्हणजे ठरावीक कामाचा अधिकार. अमुक बँक, अमुक कर्ज खातं, अमुक गट नंबर, अमुक कामं, एवढंच.

टायपिंगच्या दुकानात मिळणारा मसुदा बहुतेक वेळा कुलमुखत्यारपत्राचा असतो. त्यात विकणे, गहाण ठेवणे, भाड्याने देणे, बक्षीस देणे, कोर्टात तडजोड करणे, सगळं एका दमात लिहिलेलं असतं. तुमचं काम फक्त बँकेत कागद देण्याचं असतं, पण सही होते घर विकण्याच्या अधिकारावर.

त्यामुळं होमलोनसाठी खास मुखत्यारपत्र करा. त्यात काय असावं?

- बँकेचं नाव, शाखा, कर्ज खाते क्रमांक आणि मिळकतीचं पूर्ण वर्णन.
- कोणती कामं करायची त्यांची यादी. कागद सादर करणं, टप्प्याची मागणी करणं, स्टेटमेंट घेणं, निबंधक आणि महसूल कार्यालयात हजर राहणं.
- टप्प्याचे पैसे कुठल्या खात्यात जमा होतील. ते मुखत्याराच्या नावावर जाणार नाहीत, हे स्पष्ट शब्दांत.
- मूळ कागद परत घेण्याचा अधिकार द्यायचा की नाही.
- मुदत. एक वर्ष, दोन वर्षं किंवा काम पूर्ण होईपर्यंत.

आणि काय नाही, तेही लिहा. मिळकत विकणं, कर्जाची रक्कम वाढवणं, टॉप-अप घेणं, त्याच घरावर दुसरं कर्ज काढणं, यांचा अधिकार नाही, असं एक वाक्य घाला. टॉप-अपचा मुद्दा खास लक्षात ठेवा. हप्ते नियमित असले की बँका आपणहून टॉप-अपची ऑफर देतात. मसुद्यात "कर्जासंबंधी सर्व कागदांवर सही करणे" असं मोघम वाक्य असेल, तर वादाला तिथंच जागा मिळते.

सही करण्याआधी मसुदा बँकेला दाखवा. अनेक बँकांचा स्वतःचा नमुना असतो आणि त्यांचे वकील तो तपासतात. आधी केलेलं मुखत्यारपत्र बँकेनं नाकारलं तर खर्च आणि सुट्टी दोन्ही वाया जातात. पण बँकेचा नमुनाही वाचल्याशिवाय सही करू नका. तो बँकेच्या सोयीनं बनवलेला असतो.

कुठं करायचं? खर्च किती?

पुण्यात राहणाऱ्याला वाटतं, मुखत्यारपत्रासाठी धाराशिवलाच यावं लागेल. तसं नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ३३ सांगतं, की दस्त नोंदणीला सादर करायचं मुखत्यारपत्र तुम्ही जिथं राहता, तिथल्या दुय्यम निबंधकासमोर करायचं. म्हणजे पुण्यात राहत असाल तर पुण्यात.

यातच दुसरी गोष्ट येते. भारतात राहणाऱ्या माणसाचं नुसतं नोटरी केलेलं मुखत्यारपत्र या कामाला पुरत नाही. बँकेत चालेल, पण निबंधकाकडं अडेल, असं होऊ शकतं.

आजारी किंवा अपंग माणसाला कार्यालयात जायची सक्ती नाही. अशा वेळी निबंधक घरी येऊन खात्री करून घेऊ शकतात.

परदेशात असाल, तर तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर मुखत्यारपत्र करता येतं. नोटरीकडं केलं तर त्यावर अपोस्टिल घ्यावं लागतं, अर्थात तो देश अपोस्टिल करारात असेल तर. मग मूळ कागद भारतात पाठवायचा. तो महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत बरेच जण विसरतात आणि नंतर दंडाचा विषय निघतो.

खर्चाचं म्हणाल, तर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांचे मुद्रांक बंद होऊन ५०० रुपयांचा दर आला. साध्या मुखत्यारपत्राला तोच धरून चला. पण मुखत्यारपत्रात मिळकत विकण्याचा अधिकार असेल आणि ते जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाला दिलं असेल, तर खरेदीखतासारखं, म्हणजे मिळकतीच्या बाजारभावावर मुद्रांक शुल्क लागू शकतं. विक्रीचा अधिकार उगीच न लिहिण्याचं हे आणखी एक कारण.

मोबाईल नंबर कुणाचा?

मुखत्यारपत्र कितीही नीट केलं, तरी एक चूक सगळं बिघडवते. बँकेच्या अर्जात गावाकडच्या माणसाचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकणं.

कारण बँक जे सांगते ते त्या नंबरवर सांगते. हप्ता बाउन्स झाला, व्याजदर बदलला, मुदत वाढली, टॉप-अप मंजूर झालं, ओटीपी आला. नंबर ज्याचा, माहिती त्याची.

व्याजदराचंच बघा. २०२५ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५० टक्के होता, जूनमध्ये तो ५.५० वर आला. रेपोशी जोडलेल्या होमलोनचं व्याज त्यानुसार खाली येतं. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार, दर बदलला की हप्त्यावर किंवा मुदतीवर काय परिणाम होतो हे बँकेनं कर्जदाराला कळवायचं असतं. दर नव्यानं ठरतो तेव्हा हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्यायही द्यायचा असतो.

२० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत असेल, तर हप्ता येतो साधारण १७,३५६ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले १४,१६७ रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते जेमतेम ३,१८९ रुपये. त्यामुळं मुदत वाढवायची की हप्ता, हा निर्णय किरकोळ नाही. तो तुमचा आहे. नंबर आणि ईमेल तुमचाच ठेवा, ओटीपी कुणाला सांगू नका आणि पत्रव्यवहाराचा पत्ता बदलला की बँकेला लेखी कळवा.

मुखत्याराकडून हिशेबही मागत चला. करार कायद्याच्या कलम २१३ नुसार मागितल्यावर हिशेब देणं हे त्याचं कर्तव्य आहे. सख्ख्या भावाकडं हिशेब मागायला अवघड वाटतं. त्यावर उपाय म्हणजे पहिल्याच दिवशी ठरवून टाकायचं, की प्रत्येक पावतीचा फोटो घरच्या ग्रुपवर पडेल. मग मागावंच लागत नाही.

हप्ते थकले आणि कळलंच नाही, तर?

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्ज एनपीए होतं. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली नोटीस देते. पूर्ण रक्कम भरायला ६० दिवस मिळतात. त्यावर तुम्ही लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरीही पैसे आले नाहीत, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. ताब्याची नोटीस घरावर चिकटवली जाते आणि दोन वर्तमानपत्रांत छापली जाते. त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात.

या मुदती ठरलेल्या आहेत. नोटीस गावच्या पत्त्यावर आली, घरच्यांनी "त्याला टेन्शन नको" म्हणून कपाटात ठेवली, आणि तुम्हाला कळेपर्यंत ६० दिवस उलटले, असं होऊ शकतं.

सहकारी बँकेचं कर्ज आहे म्हणून सरफेसी लागत नाही, असाही समज आहे. तो चुकीचा आहे. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये सांगितलं, की हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मार्ग वेगळा आहे. ती सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढते.

"हप्ते तू भर, घर तुझं"

मुखत्यारपत्राचा सगळ्यात धोकादायक वापर हा आहे.

समजा, घरावर कर्ज आहे आणि मालकाला ते परवडत नाही. एक जण म्हणतो, "मी रोख काही लाख देतो, पुढचे हप्ते मी भरतो, तू कुलमुखत्यारपत्र करून दे. कर्ज फिटलं की खरेदी करू." बॉण्डवर लिहिलं जातं, नोटरी होते आणि माणूस राहायलाही येतो. बँकेला कुणी सांगत नाही.

यात दोघंही अडकतात. ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की मुखत्यारपत्र, करारनामा किंवा मृत्युपत्र यांच्या जोरावर मिळकतीची मालकी बदलत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. म्हणजे घेणारा वर्षानुवर्षं हप्ते भरूनही मालक होत नाही. आणि देणाऱ्याचं काय? घर हातातून गेलं, पण कर्ज त्याच्याच नावावर. समोरच्यानं हप्ते थांबवले की नोटीस त्यालाच.

सरळ मार्ग आहे. कर्ज असलेलं घरही विकता येतं. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्यायचं, खरेदीदारानं किंवा त्याच्या बँकेनं ती रक्कम थेट कर्ज खात्यात भरायची आणि मग खरेदीखत करायचं.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट बघायला हवी. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळं इनाम, देवस्थान, मदतमाश अशा जमिनींचे जुने प्रश्न अजून निघतात. ७/१२ वर भोगवटादार वर्ग-२ लिहिलं असेल, तर व्यवहाराआधी महसूल विभागाची परवानगी लागू शकते. मुखत्याराला पाठवण्याआधी हा उतारा स्वतः बघा, तो ऑनलाइन मिळतो.

मुखत्यारपत्र संपतं कधी?

मुदत संपली, काम झालं किंवा तुम्ही रद्द केलं की संपतं. पण आणखी दोन प्रसंग आहेत, आणि त्यातच घरं अडचणीत येतात.

पहिला, मृत्यू. मुखत्यारपत्र देणारा वारला की सर्वसाधारणपणे मुखत्याराचा अधिकार संपतो. कर्ज मात्र संपत नाही. त्यानंतर मुखत्यारानं बँकेत सह्या करत राहणं चुकीचं आहे. अशा वेळी बँकेला मृत्यूचा दाखला द्यायचा, कर्जाबरोबर विमा काढला होता का ते बघायचं आणि वारसांनी पुढं बोलायचं. म्हणून कर्जावर विमा आहे की नाही, त्याची कागदपत्रं कुठं आहेत, हे पत्नीला किंवा आईवडिलांना आजच सांगून ठेवा.

दुसरा, मानसिक क्षमता जाणं. डिमेन्शिया, पक्षाघात, अपघातानंतरची बेशुद्धी. इंग्लंडमध्ये अशा वेळीही चालू राहणारं वेगळं मुखत्यारपत्र २००५ च्या कायद्यानं आणलं. भारतात करार कायदा सांगतो, की देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की एजन्सी संपते. मग घरच्यांना पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं. वय झालेल्या वडिलांचं कर्ज असेल, तर केवळ मुखत्यारपत्रावर विसंबण्यापेक्षा वेळेत सहकर्जदार होणं किंवा कर्ज लवकर फेडणं जास्त सुरक्षित आहे.

रद्द करायचं असेल, तर भांडण करून फोनवर सांगणं पुरत नाही. नोंदणी केलेलं असेल तर रद्दपत्रही नोंदवा. मुखत्याराला लेखी नोटीस द्या. बँकेला पत्र देऊन पोच घ्या. कारण रद्द झाल्याचं समोरच्याला जोवर कळत नाही, तोवर त्याच्यापुरता जुना अधिकार जिवंत धरला जातो. म्हणून बँकेची पोच हा सगळ्यात महत्त्वाचा कागद.

कर्ज फिटल्यावर

पूर्ण कर्ज फिटलं की ३० दिवसांत मूळ कागद परत देणं आणि नोंदवलेला बोजा काढणं बँकेवर बंधनकारक आहे. डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

कागद घ्यायला शक्यतो स्वतः या. मुखत्यार जाणार असेल, तर कर्जाच्या वेळी दिलेल्या कागदांची यादी त्याच्याकडं द्या आणि एकेक कागद ताडून घ्यायला सांगा. त्यानंतर ७/१२ किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा कमी झाला का, ते बघा. नवा उतारा हातात येईपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नका.

बँक दाद देत नसेल, तर आधी बँकेकडं लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं विनामूल्य जाता येतं. ही तक्रार तुमच्या वतीनं अधिकृत प्रतिनिधीलाही करता येते. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा क्रमांक आहे १४४४८.

"आम्ही तुमचं कर्ज सांभाळतो" म्हणणारे

शेवटचा मुद्दा, कारण तो मोबाईलवर रोज दिसतो. "हप्ता निम्मा करून देतो", "कर्जमुक्तीचं प्रमाणपत्र देतो", "बँकेशी आम्ही बोलतो, तुम्ही फक्त सही करा". अशा मोहिमांबद्दल रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता. कर्जमाफीची असली प्रमाणपत्रं देण्याचा अधिकार अशा कुणालाही नाही. हप्ता थांबवून त्यांची फी भरली, तर इकडं ९० दिवस मोजले जातातच.

होमलोन दुसऱ्याकडे सोपवताना नातं बघा, पण कागदही बघा. आज एक काम करा. जुनं मुखत्यारपत्र कपाटातून काढा आणि त्यात "विक्री", "गहाण", "टॉप-अप" आणि "मुदत" हे चार शब्द शोधा. पहिले तीन विनाकारण लिहिलेले असतील किंवा चौथा नसेल, तर ते बदलून घ्यायची वेळ झाली आहे.